आठ पानं कमी असलेला खेळ

रघुअण्णा,

काल मावशीनं आपल्या लेकाचं, म्हणजे तुझं, कपाट उघडलं. तेराव्याची जेवणं उरकली होती, परगावचे नातेवाईक बसला निघाले होते आणि जो तो जाताना काही ना काही हातात घेऊन निघत होता. तुझं घड्याळ मामांनी घेतलं, छत्री कुणी नेली ते कळलंच नाही. मावशीनं मला आत बोलावलं, खालच्या कप्प्यातला पत्र्याचा डबा काढला आणि हा तुझाच, ने, म्हणाली. मी डब्याला हात लावला आणि मागे घेतला. उद्या बघू म्हणाले आणि ओट्यावर येऊन बसले.

हात का मागे घेतला ते तुला वेगळं सांगायला नको. मेलेल्या माणसाची वस्तू उचलायची आणि चालू लागायचं, हे सात वर्षं याच ओट्यावर तू आम्हांला करू दिलं नाहीस. आणि ज्यावरून तू आणि मी दीड वर्ष धड बोललो नाही, ते भांडणही त्याच डब्यात आहे. रविवारी माझी पुण्याची गाडी आहे. तोवर डबा घ्यायचा की नाही हे मला ठरवायचं आहे, आणि ते ठरवायचं तर आपला वाद एकदाचा मिटवायला हवा. तू आता मधेच तोंड घालू शकत नाहीस याचा मी पुरेपूर फायदा घेणार आहे. जिवंतपणी एक वाक्य पुरं करू दिलं नाहीस कधी.

हे मी पुण्याच्या मराठीत लिहितेय म्हणून हसू नकोस. आपली कुंभकोणमची मराठी मी तिथं बोलले तर लोक विचारतात, तुम्ही ऐतिहासिक नाटकात काम करता का. चार वर्षांत वळण लागलं. घरात पाऊल टाकलं की जीभ आपोआप जुन्या वाटेला लागते, पण लिहिताना हीच येते.

तू मद्रासहून शिक्षण संपवून आलास तेव्हा मी दहावीत होते. सगळ्यांना वाटलं तू नोकरीचा कागद आणशील. तू आणलंस एक बाड. वसतिगृहातल्या कुण्या मित्राच्या काकांनी अमेरिकेहून एका खेळाचं पुस्तक पाठवलं होतं, त्याची झेरॉक्स काढून, सुतळीनं शिवून. मोठ्या माणसानं खेळाचं पुस्तक आणावं याचं मावशीला इतकं नवल वाटलं की ती दोन दिवस कुणाशी त्याबद्दल बोललीच नाही. रविवारी दुपारी तू मला, तुझ्या वर्गमित्र गोपूला आणि शेजारच्या मणीला ओट्यावर बसवलंस आणि खेळ समजावून दिलास. ना पट, ना सोंगट्या. एकानं गोष्ट सांगायची: राज्य कुठलं, वाट कशी, समोर कोण उभं आहे. बाकीच्यांनी एकेक माणूस मनानं रचायचा, त्याच्या तोंडानं बोलायचं, त्याच्या हातानं करायचं. जमलं की फसलं ते फाशांनी ठरवायचं. गोष्ट सांगणारा तू. तलवारबाज मणी, गवई गोपू आणि चोर मी.

चोर मी हौसेनं निवडला होता. त्याला कुलपं उघडता येत, भिंती चढता येत. पंधरा वर्षांच्या मुलीला आणखी काय हवं असतं?

बाडात आठ पानं नव्हती. अडतीसनंतर एकदम सत्तेचाळीस. झेरॉक्सवाल्याचं यंत्र अडकलं, तू म्हणालास, आणि आम्ही मान डोलावली. पाठीमागे किमतींची लांबलचक यादी होती: दोर, कंदील, खेचर, चिलखत, बारा प्रकारच्या तलवारी. सगळं मोहरांत. पण मोहरा आणायच्या कुठून हे पुस्तकभर कुठंच लिहिलेलं नव्हतं. मणीनं पहिल्याच रविवारी विचारलं. चिलखत पाहिजे, पैसे कसे मिळवायचे? तू म्हणालास, सगळे मिळवतात तसे.

आम्हांला वाटलं, हाच खेळ आहे. या खोट्यावर आम्ही सात वर्षं काढली, अण्णा.

मी आधी चोराला शोभेल तेच केलं. बाजारात एका व्यापाऱ्याच्या कमरेची पैशांची थैली कापली. फासे माझ्या बाजूनं पडले. मग तू त्या व्यापाऱ्याची गोष्ट सांगायला लागलास. त्याचं नाव, त्याच्या तीन मुली, त्यातली मधली आजारी, त्या थैलीतले पैसे कशासाठी होते. मी म्हटलं, हे पुस्तकात कुठं आहे? तू म्हणालास, तुझ्या समोर उभा आहे की तो. पुढचे तीन रविवार मी राजाच्या कोठडीत बसून काढले आणि गोपू आणि मणी माझ्या देखत खेळत राहिले. सुटल्यावर मी देवळाच्या दाराशी फडकं अंथरलं आणि ज्यांच्या किल्ल्या हरवल्या त्यांची कुलपं उघडून द्यायला लागले. साऱ्या राज्यात दुकान मांडून बसलेली मी एकटीच चोर असेन. धंदा मात्र चांगला चालला. किल्ल्या हरवणारे लोक कुठल्याही राज्यात कमी नसतात.

गोपूचं तर विचारूच नको. खऱ्या आयुष्यात तो मरुदानल्लूरच्या भजनमंडळीतला, त्यामुळं त्याचा गवई दरबारात जाईना. तो उंछवृत्ती करायला लागला. खांद्याला पात्र लावून गल्लीगल्लीतून गात जायचं, लोक घालतील ते मूठमूठ तांदूळ घ्यायचे, त्या दिवसापुरते, उद्यासाठी एक दाणा ठेवायचा नाही. हा नियम तू घातला नव्हतास, त्यानं स्वतः घातला होता. त्यामुळं सात वर्षांत त्याच्याकडं एक मोहर साठली नाही. राक्षसाच्या गुहेतसुद्धा तो पंचा नेसून आणि चिपळ्या घेऊन आला, आणि मणी दर वेळी त्याच्यापुढं ढाल धरून उभा राहिला.

मणीचे आप्पा पितळी समया ओतायचे. आपल्याकडं असले फासे कुठले मिळायला, आधी आपण दायमच्या, आपल्या घरच्या सोंगट्यांच्या खेळातल्या, लांबट फाशांवर आणि कवड्यांवर भागवलं. मग मणीनं पुस्तकातलं चित्र पाहून वीस बाजूंचा पितळी फासा ओतला. बाजू घासताना एक जास्त घासली गेली आणि तो दर तीन-चार वेळांतून एकदा सतरावरच बसायला लागला. नवा ओततो म्हणाला तर तू नको म्हणालास. असू दे, सगळ्यांना सारखाच वाकडा आहे.

यादीतल्या किमती मोहरांत आणि मजुरी कशात, असा पेच आला तेव्हा तू सायकल काढून इन्नंबूरला गेलास आणि भातलावणी करणाऱ्या बायांना दिवसाचं काय मिळतं ते विचारून आलास. धान मोजणाऱ्याला काय, राखणदाराला काय, नावाड्याला काय. मणीच्या आप्पांच्या कारखान्यात बसून समई घासणाऱ्याला किती आणि साचा करणाऱ्याला किती ते वहीत उतरवलंस. ते ऐकता ऐकता मणीच्या ध्यानात आलं की साचा तोही करतो आणि त्याला काहीच मिळत नाही, कारण तो मुलगा. त्यानं घरी मजुरी मागितली. आप्पा तणतणत आपल्या ओट्यावर आले आणि तू पोराला बिघडवलंस म्हणून तमिळमधून जे काही म्हणायचं ते म्हणून गेले. तू खाली मान घालून ऐकून घेतलंस. पण पुढच्या शनिवारपासून मणीच्या हातावर इतरांबरोबर पैसे पडायला लागले.

तुझ्या हातावर मात्र फारसं काही पडत नव्हतं, हेही खरं. रेडिओ दुरुस्त करायचास, सकाळी मुलांना गणित शिकवायचास. घरात कुणी उघड बोललं नाही, पण इंजिनियर पोरगा, चार पैसे मिळवत नाही आणि रविवारी खोट्या राज्यात लोकांना मजुऱ्या वाटतो, हे सगळ्यांच्या चेहऱ्यावर होतं. मामांनी मद्रासला शब्द टाकून तुझ्यासाठी जागा मिळवली तेव्हा तू गेला नाहीस. म्हणालास, मी परीक्षा दिली नाही, कुणाशी बोललो नाही, जागा माझी कशी? मामा त्यानंतर वर्षभर आपल्या दारावरून गेले तरी आत आले नाहीत.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही, ती आता सांगते. पुण्याला कारखान्याच्या संगणक विभागात मुलाखत झाली. टेबलापलीकडं तीन जण. शेवटी एकानं विचारलं, पगाराची अपेक्षा काय? माझ्या आधी आत गेलेली मुलगी बाहेर येऊन सांगत होती, मी म्हटलं तुम्ही द्याल तो. मी मात्र आकडा सांगितला. खाली न बघता, आवाज न पाडता, देवळाच्या दाराशी बसून शेकडो कुलपांचे भाव सांगितले होते तसा. त्यांनी दोनशे कमी केले आणि मला घेतलं. त्या रात्रीच्या जेवणात मी स्वतःच्या पैशानं श्रीखंड घेतलं. पत्रात तुला फक्त नोकरी लागली एवढंच कळवलं. का ते ठाऊक नाही. तुला श्रेय दिलं तर तू म्हणशील, माझं काय त्यात, अशी भीती असावी.

पुण्यात दोन वर्षं मला वाटत होतं की हा खेळ जगात आपण चौघंच खेळतो. मग कचेरीतल्या एकानं सांगितलं, त्याचे मित्र रविवारी दुपारी असलंच काही खेळतात. मी धावतच गेले. इंग्रजी पुस्तक, परदेशातून आणलेले सरळ फासे, आपलंच बाड, फक्त रंगीत. मी पुन्हा चोर घेतला. तासाभरात आम्ही अजगरासारख्या एका अक्राळविक्राळ जनावराला मारून त्याच्या गुहेत शिरलो. आत सोन्याचा ढीग. सगळ्यांनी पोती उघडली.

मी विचारलं, हे सोनं कुणाचं?

गोष्ट सांगणारा मुलगा म्हणाला, त्या जनावराचं. मी म्हटलं, त्याला बाजारात जाताना कुणी पाहिलं नसणार, मग त्याच्या आधी कुणाचं? जवळचं गाव कुठलं, कुणाच्या घरातून काय गेलं, त्याची काही नोंद? गावकऱ्यांना परत नेऊन दिलं तर आम्ही दहावा हिस्सा मजुरी मागू, त्यात खेचरांचा खर्च वेगळा. खोलीत असं हसू उसळलं की शेजारच्या खोलीतले लोक डोकावले. मग त्यातल्या एकानं हसता हसताच पुस्तक माझ्यापुढं सरकवलं. पान एकोणचाळीस ते शेहेचाळीस. कुठल्या राक्षसाच्या बिळात किती सोनं, किती रत्नं, सगळे तक्ते. पुस्तकातल्या लोकांचं पोट त्यावरच चालतं. मारा, उचला, विका, मोठे व्हा.

मीही हसले. परत जाताना बसमध्येही हसत होते. घरी पोचेपर्यंत मात्र संताप आला, तुझ्यावर नव्हे, त्या झेरॉक्सवाल्यावर. दुसऱ्या दिवशी त्या आठ पानांची प्रत काढून मी तुला पाठवली. वर लिहिलं, हे घे आपलं हरवलेलं घबाड.

तुझं उत्तर आलं, निळ्या अंतर्देशीय पत्रावर, चार ओळी. ती पानं माझ्याजवळ पहिल्यापासून आहेत. मद्रासहून येताना गाडीत वाचली आणि काढून ठेवली. त्यांत पैसा नेहमी मेलेल्यांच्या उशाशी पडलेला असतो. ती नसली तर तुम्ही काय कराल ते मला बघायचं होतं.

बघायचं होतं! सात वर्षं, अण्णा. कोठडीतले ते तीन रविवार. चिलखताच्या पैशासाठी मणीच्या तलवारबाजानं रात्रभर जागून राखलेल्या शंभर नावा. तू चार ओळींत सांगून मोकळा झालास की झेरॉक्सवाल्याबद्दल खोटं बोललो. मी तुला लांब पत्र लिहिलं. त्यातलं एक वाक्य अजून पाठ आहे: खेळ तुझा एकट्याचा नव्हता. तू दुसरं पत्र पाठवलंस, मी फोडलं नाही. दिवाळीला आले तेव्हा रविवारी तुम्ही तिघं ओट्यावर बसलात आणि मी आत मावशीबरोबर मुरुक्कू तळत बसले. माझ्या चोराला तू कुठंतरी प्रवासाला पाठवलं होतंस, असं गोपूनं सांगितलं.

निघताना तू स्टेशनवर आलास. माझी पिशवी आत ठेवलीस, खिडकीशी उभा राहिलास. गाडी सुटायच्या अगदी बेतात होती.

"तुला सोनं पाहिजे होतं, की मी पुसलों नाही म्हणून राग आला?"

गाडी हलली. मला उत्तर येत होतं, पण ते दिलं तर मी नमले असं झालं असतं, म्हणून खिडकीतून दुसरीकडं पाहिलं. आता देते. सोनं नको होतं रे. तू म्हणाला असतास, ही आठ पानं आहेत, मला आवडलेली नाहीत, आपण त्यांच्याशिवाय खेळू या का, तर मी हो म्हटलं असतं. मणीनं म्हटलं असतं. गोपूनं तर आनंदानं म्हटलं असतं. तू विचारलं नाहीस. तुला कायम वाटायचं की बरोबर काय ते तुला एकट्यालाच कळतं आणि बाकीच्यांना त्या वाटेनं नुसतं चालवायचं. एवढंच माझं भांडण.

नाही, एवढंच नाही. आणखी एक आहे आणि ते या तेरा दिवसांत मनात साचलंय.

तुझं दुखणं बळावलं, डॉक्टर मद्रासला न्या म्हणाले, हे मला मणीनं कळवलं. मी त्याच दिवशी मनिऑर्डर केली. ती परत आली. पैसे स्वीकारायला नकार, असा शेरा आणि तुझी सही. सहीशिवाय तुझ्या हातचं एक अक्षरही नव्हतं, पण मला तू बोलताना ऐकू आलास: मी काय काम केलं त्याचं? मला वाटलं, अजून भांडणावर अडून बसलाय. मीही अडून बसले. पोंगलला जाऊन समोरासमोर देईन, असं ठरवलं. पोंगलला मी आले तेव्हा तुला देता येईल असं काही उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणतात, लवकर नेलं असतं तरी फरक पडलाच असता असं नाही. ते खरंही असेल. पण तुझ्या तत्त्वानं तुला मारलं असं मी काही दिवस मनात म्हणत होते, आणि ते तुला कळावं असं वाटतं, म्हणून लिहिते.

पुण्यात मी एक म्हण शिकले. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं. आपल्याकडं ही ऐकली नव्हती. पहिल्यांदा ऐकली तेव्हा वाटलं, ही तुला द्यायला हवी, तुझा सगळा नियम एका ओळीत बसतो. काल डब्याला हात लावला तेव्हा तीच आठवली.

आज सकाळी मी मावशीला खरं ते सांगितलं. डबा मला हवा आहे, पण उचलवत नाही. रघुअण्णाला आवडलं नसतं. मी त्याचं काही काम करते, मग घेते. त्याची पुस्तकं लावून देते, वह्या आवरते, काहीही.

मावशी भाजी चिरत होती. तिनं विळी आडवी केली.

"तूंही त्याच्यासारखीच?" ती म्हणाली. मग माझ्याकडं न बघता तिनं मला जे सांगितलं ते तू कुणालाच कळू दिलं नव्हतंस. नोकरी नाही म्हणून गेली दहा वर्षं तू आधी चार घागरी पाणी भरायचास आणि मगच पानावर बसायचास. तापात सुद्धा. नळ आल्यावर पाणी भरायचं कारण उरलं नाही तर अंगण झाडायला लागलास. शेवटच्या महिन्यात झाडूही उचलेना तेव्हा तू भूक नाही म्हणायला लागलास.

"पोराला आईनं वाढलेलं फुकट वाटलं. मी काय दुकान मांडलं होतं? कोण्ही घेतलंच नाही तर देणाऱ्यानं काय करावं, सांग. घे गे, जानकी. तूं तरी घे."

मी डबा घेतला. दोन्ही हातांनी घेतला, मावशीच्या हातून, फुकट. काही काम न करता, काही न ठरवता. ही लूट नव्हे, अण्णा, आणि मजुरीही नव्हे. हे तिसरंच काहीतरी आहे, आणि तुझ्या वहीत भातलावणीपासून समईपर्यंत सगळ्या कामांचे भाव होते, फक्त याला जागा नव्हती. तू आम्हांला चोर होण्यापासून वाचवलंस ते बरोबरच केलंस. ते वळण नसतं तर त्या तीन माणसांसमोर मी खाली बघून तुम्ही द्याल तो म्हटलं असतं. त्याबद्दल मी तुझी जन्मभर ऋणी आहे आणि ते मोठ्यानं म्हणायला मला आता लाज वाटत नाही. पण देणाऱ्याला आणि चोराला तू एकाच दारानं बाहेर काढलंस. माझ्या मनिऑर्डरीला, मामांच्या नोकरीला, आईच्या भाताला. इथं तू चुकलास. मी सांगते, चुकलास.

डब्यात बाड होतं, पितळी फासा, कवड्या, आमच्या तिघांचे कागद. आठ पानांच्या दोन प्रती होत्या, एक तुझी, एक मी पाठवलेली. तुझं मी न फोडलेलं पत्र तेवढं नव्हतं, कारण ते पुण्यात माझ्याच खणात आहे. परत गेले की फोडीन. दुपारी मी गोपूला आणि मणीला बोलावलं आणि पानं त्यांच्यापुढं ठेवली. मणीनं सगळे तक्ते सावकाश वाचले. गोपू म्हणाला की त्याच्या गवयाला तसाही काही फरक नव्हता. मी त्यांना विचारलं, ही पानं बाडात शिवायची की नाही? तू विचारायला हवं होतंस तसं. मणी म्हणाला, शिवू. आत राहू देत. वापरायची की नाही ते त्या त्या वेळी बघू. तो पुढं म्हणाला की त्याच्या तलवारबाजानं प्रत्येक मोहर कमावली होती हे त्याला आवडतं, पण कुणी त्याला कधी काही नुसतंच दिलं असतं तर तेही आवडलं असतं. मग त्यानंच सुतळी ओवली.

आणि रविवारच्या गाडीचं. आज पहाटे सहाला ओट्यावर कुजबुज ऐकू आली म्हणून दार उघडलं तर तुझे आठ विद्यार्थी, पाच मुली आणि तीन मुलगे, वह्या घेऊन उभे. तेरावा झाला, आता शिकवणी सुरू असेल असं त्यांना वाटलं. कोण शिकवणार याचा त्यांनी विचारच केला नव्हता. दहावीच्या परीक्षेला सात आठवडे आहेत आणि भूमिती निम्मी राहिली आहे. मी उभ्या उभ्या त्यांना एक प्रमेय विचारलं. कुणालाच पुरतं आलं नाही.

मी नाक्यावरच्या बूथवरून पुण्याला फोन केला. परीक्षा होईपर्यंत रजा हवी म्हटलं. साहेब म्हणाले बिनपगारी, आणि परत याल तेव्हा जागा तीच असेल असं नाही. मी बरं म्हटलं. त्यातल्या एका मुलीचे वडील संध्याकाळी फी विचारायला आले, विड्याच्या पानांचा व्यापार आहे त्यांचा, हिशेबी माणूस. मी म्हटलं, फी नाही. ते जागचे हलेनात. फुकट शिकवणारीवर विश्वास कसा ठेवायचा, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. तुझेच शिष्य शोभतात. मी त्यांना म्हटलं, विश्वास ठेवू नका, रोज सहाला येऊन मागे बसा आणि बघा.

तर हे असं आहे. काम हातात घेण्याआधी मजुरी विचारली नाही, भाव ठरवला नाही, डबा आयता घेतला, आणि सात आठवडे नोकरी टांगणीला लावून आठ पोरांना फुकट शिकवणार आहे. तुझा एकही नियम मी शिल्लक ठेवलेला नाही. शिवाय तू वर्तुळाची प्रमेयं उलट्या क्रमानं शिकवत होतास, ती मी सरळ करणार आहे.

पटत नसेल तर भांडायला ये. मी सहाला ओट्यावर आहे.